सतराची रिम घेऊ का? धायरीच्या स्विफ्टला उत्तर

प्रश्न : नमस्कार ताई. मी सत्तावीस वर्षांचा आहे, धायरीत राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो. माझी २०२१ ची पेट्रोल स्विफ्ट झेडएक्सआय आहे. रोज वारजे, चांदणी चौक, बायपास असं जाणंयेणं असतं. गेल्या वर्षी मित्राबरोबर ऑटोक्रॉस ही गाड्यांची स्पर्धा बघायला गेलो आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. यंदा याच गाडीने भाग घ्यायचा ठरवलं आहे. कंपनीचे टायर १८५/६५ आर१५ आहेत, चाळीस हजार किलोमीटर झालेत, बदलायला आलेच आहेत. दुकानदार म्हणतो १७ इंची अलॉय घ्या, साडेसात इंच रुंद, ऑफसेट ३५, त्यावर २०५/४५ आर१७ टायर. मित्र म्हणतो बलेनोच्या १६ च्या रिम शोध. मला वाटतं १५ च ठेवावं, पण मग काहीच केलं नाही असं होईल. साठ हजारांच्या वर जाता येणार नाही. गाडी आईबाबांनाही लागते आणि बाबांना काळजी आहे की माप बदललं तर इन्शुरन्सचं काय. काय करू?

उत्तर : सतराचा सेट घेऊ नका. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण पैसे अजून तुमच्या खिशात आहेत आणि दुकानदार शनिवारपर्यंत ऑफर आहे म्हणून घाई करत असणार.

मापाचा विचार करण्याआधी एक फोन करा. ज्या स्पर्धेत उतरायचं आहे त्या आयोजकांना विचारा, ट्रॅक डांबरी आहे की मातीचा. आपल्याकडच्या बऱ्याच ऑटोक्रॉस मातीवर होतात. मातीचा ट्रॅक असेल तर हे पुढचं सगळं बाजूला ठेवून कंपनीच्याच मापावर जा. तिथे खोल नक्षीचा, उंच भिंतीचा, अरुंद टायरच बरा, कारण तो वरची भुसभुशीत माती कापून खालच्या टणक थराला धरतो आणि दगडावर आपटला तरी रिम वाचते. तुम्ही डांबरी मैदानाबद्दल विचारताय असं धरून पुढे लिहिते.

डांबरी ऑटोक्रॉसमध्ये मैदानावर कोन (रस्त्यावर दिसतात तसे शंकू) मांडलेले असतात, एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळाशी स्पर्धा असते. तुमची स्विफ्ट जवळजवळ पूर्ण वेळ दुसऱ्या गिअरमध्ये असेल. वेग हायवेच्या मानाने किरकोळ, पण दर दोन-तीन सेकंदांनी दिशा बदलायची. म्हणजे गाडी सतत ब्रेक, वळण, पिकअप, पुन्हा ब्रेक या चक्रात असते. अशा कामात चाकाला दोन गोष्टी जमायला हव्यात : चटकन फिरायला लागणं आणि चटकन थांबणं. चाक जड झालं की नेमक्या याच दोन गोष्टी बिघडतात. चाकाच्या कडेला वाढलेलं एक किलो वजन पिकअपला जवळपास दोन किलोंसारखं जाणवतं, कारण ते पुढेही न्यावं लागतं आणि गोलही फिरवावं लागतं. तुमच्या इंजिनाची ताकद ९० पीएस, टॉर्क ११३ न्यूटन मीटर, तोही ४४०० आरपीएमला. यातली थोडीसुद्धा ताकद जड रिम फिरवण्यात घालवायची चैन आपल्याला परवडत नाही.

आता दुकानदाराने सांगितलेलं माप मोजून बघू. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. तुमचा १८५/६५ आर१५ घ्या. भिंत १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिमी. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की पूर्ण चाकाचा व्यास ६२१ मिमी येतो. २०५/४५ आर१७ चं गणित केलं तर भिंत ९२ मिमी, व्यास ६१६. म्हणजे चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहिली, गिअरिंगमध्ये काही फायदा नाही. पंधराच्या जागी सतराची रिम घेऊन नेमकं काय बदललं? रबराची भिंत २८ मिलिमीटरने कमी झाली आणि तिच्या जागी धातू आला. स्वस्तातली सतराची अलॉय कंपनीच्या पंधराच्या अलॉयपेक्षा बऱ्यापैकी जड असते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा घेऊन दुकानात जा, रिम लटकवा आणि आकडा वाचा. जो दुकानदार रिम तोलू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

ती २८ मिलिमीटर भिंत तुम्हाला रविवारी स्पर्धेत नव्हे, सोमवारी ऑफिसला जाताना आठवेल. जुलैत बायपासच्या सर्व्हिस रोडला पाण्याखाली काय आहे हे कुणालाच दिसत नाही. खड्ड्याच्या धारदार काठावर चाक आदळतं तेव्हा टायरची भिंत रिम आणि काठ यांच्यात चिमटली जाते. भिंत उंच असेल तर रबर दबून परत वर येतं. भिंत बुटकी असेल तर आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. त्याच आदळण्यात अलॉयची आतली कड वाकते, बॅलन्सिंग बिघडतं आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. हे सगळं तुम्ही गाडीत असताना झालं तर एक वेळ चालेल, पण आईबाबा रात्री कुठून तरी परतत असताना नको. रोजच्या गाडीचं माप ठरवताना वर्षातले जे तीनशे साठ दिवस गाडी रस्त्यावर असते त्यांनाच पहिलं मत द्यायला हवं, असं मी ठामपणे म्हणेन.

दुकानदाराच्या सेटमधली सगळ्यात वाईट गोष्ट अजून बाकी आहे, आणि ती व्यासात नाही. ती आहे रुंदी आणि ऑफसेट. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसवतात त्याला) टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते, मिलिमीटरमध्ये. रिम उलटी करून मागच्या बाजूला पाहिलं तर आऱ्यांवर ‘ईटी’ लिहून पुढे आकडा कोरलेला असतो, जवळच रुंदी ‘जे’मध्ये असते, साडेपाच जे म्हणजे साडेपाच इंच. तुमची रिम साडेपाच जे आणि ईटी ४५ आहे असं धरू (खरा आकडा स्वतः वाचा). नवी साडेसात जे, ईटी ३५. रुंदी दोन इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना एक-एक इंच, २५ मिमी. त्यात ऑफसेट दहाने कमी झाला, म्हणजे अख्खी रिम आणखी १० मिमी बाहेर सरकली. बाहेरची कड एकूण ३५ मिमी बाहेर आली, आतली १५ मिमी आत गेली. पस्तीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटं. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावणार, मागे तीन माणसं बसली की खड्ड्यात टायर मडगार्डच्या कडेला घासणार, चिखल दारांवर उडणार. शिवाय स्टिअरिंग ज्या बिंदूभोवती वळतं त्यापासून टायर लांब गेला की रस्त्यावरचा प्रत्येक धक्का हातात येतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जोरात पिकअप घेताना स्टिअरिंग हातातून ओढलं जातं आणि व्हील बेअरिंगवर कायमचा जादा ताण येतो. आणि २०५/४५ च्या टायरला साडेसात जे ही चालणाऱ्या रुंदीची शेवटची हद्द आहे. तिथे भिंत ताणलेली राहते आणि रिमची कड उघडी पडते. फुटपाथला लागलेला पहिला ओरखडा थेट अलॉयवर.

मित्राचा सल्ला मात्र चांगला आहे. बलेनोच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर१६ येतो. त्याचा व्यास ६२१ मिमी, तुमच्याइतकाच. स्विफ्ट आणि बलेनो एकाच हार्टेक्ट प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे दोन्हींचा मूळ सांगाडा एकच, दोन्हींचं पीसीडी (नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४ बाय १००, मधलं भोक ५४.१ मिमी, त्यामुळे रिम कुठल्याही रिंगशिवाय हबवर नीट बसते. टायरही गावोगाव मिळतो, कारण बलेनो आणि आय-२० दोन्हींना तोच लागतो. भिंत १०७ मिमी, म्हणजे खड्ड्यांसाठी अजून बरी. एकाच सेटवर रोजची गाडी आणि ऑटोक्रॉस दोन्ही भागवायचं असेल, दुसरा सेट ठेवायला घरात जागाच नसेल, तर हा पर्याय घ्यायला माझी हरकत नाही. टायर घेताना बाजूचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, बघा : ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. या मापात ८७ वाले टायर बरेच दिसतील. सध्याच्या टायरवर ८८ असेल तर त्याच्या खाली जाऊ नका, जास्त भाराचा ‘एक्सएल’ मागा.

वापरलेल्या रिम घ्यायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यातच कुठे गेलात, तर रिम टायरशिवाय बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. आतल्या कडेला डोळा लावून उभं राहा, हेलकावा लगेच दिसतो. वेल्डिंग केलेली अलॉय कितीही स्वस्त मिळाली तरी नको. रंग नवाकोरा आणि आतली बाजू जुनाट असेल तर रंगाखाली काय झाकलंय ते विचारा.

पण माझं मत पंधरालाच आहे, आणि ‘काहीच केलं नाही’ असं त्यात अजिबात नाही.

यंदा काय करायचं ते सांगते. आत्ता आहे त्याच रिमवर, आहे त्याच मापाचे, १८५/६५ आर१५ चे चार चांगले टायर टाका. चांगले म्हणजे ज्यांची जाहिरात मायलेज आणि लाखभर किलोमीटरवर चालते ते नव्हेत. ओल्या रस्त्यावरची पकड आणि ब्रेकिंग यासाठी बनवलेली मॉडेलं बघा, शक्यतो व्ही स्पीड रेटिंगची (टायर किती वेग पेलतो ते सांगणारं अक्षर). कॉन्टिनेंटलची अल्ट्राकॉन्टॅक्ट, योकोहामाची ब्लूअर्थ-जीटी, मिशेलिनची प्रायमसी अशा घराण्यांत तुमचं माप दुकानात आज काय मिळतंय ते विचारा. चौघांचा खर्च तुमच्या साठ हजारांच्या निम्म्याच्या आसपास जाईल. उरलेल्यात व्हील अलाइनमेंट, ब्रेक पॅड, हेल्मेट, स्पर्धेचा परवाना आणि प्रवेश फी बसवा. पहिल्या वर्षी वेळ कमी होणार आहे ती तुमच्या हातांमुळे आणि डोळ्यांमुळे, कारण पुढचा कोन सोडून त्याच्या पुढच्या कोनाकडे बघायला शिकणं हेच पहिल्या वर्षाचं सगळं काम असतं. साधा टायर सुटायच्या आधी ओरडतो, हळूहळू सुटतो, आणि शिकणाऱ्याला तो आवाज ऐकू येणं फार गरजेचं आहे. रेसिंगच्या टायरची पकड जास्त असते, पण सुटतो तेव्हा झटक्यात सुटतो.

पुढच्या वर्षी हा नाद टिकला, आणि मला वाटतं टिकेल, तर दुसरा सेट घ्या : १५ इंची, सहा जे किंवा फार तर साडेसहा जे, ऑफसेट ४० ते ४५, त्यावर १९५/६० आर१५. याचा व्यास ६१५ मिमी, मूळच्यापेक्षा एक टक्का कमी. स्पीडोमीटर नावापुरता पुढे दाखवेल आणि दुसऱ्या गिअरमध्ये पिकअप किंचित चपळ वाटेल. लोड इंडेक्स सहसा ८८ च असतो. एबीएसलाही काही अडचण नाही, फक्त चारही चाकांना एकच माप हवं. सहा जे, ईटी ४५ घेतलीत तर आतली-बाहेरची कड फक्त सहा-सहा मिलिमीटर सरकते. साडेसहा जे, ईटी ४० घेतलीत तर बाहेर १८ आणि आत ८. त्यापुढे जायचं काही कारण नाही.

टायर दहा मिलिमीटरने रुंद झाला म्हणून पकड वाढते असं सरसकट समजू नका. खरा फायदा रिमच्या रुंदीचा आहे. १९५/६० चा टायर तुमच्या साडेपाच जे रिमवरही चढतो, तेवढी त्याची खालची हद्द आहे, पण तिथे भिंती कमानीसारख्या फुगलेल्या राहतात. वळणात गाडीचं वजन बाहेरच्या पुढच्या चाकावर आलं की अशी भिंत आडवी पडते आणि गाडी टायरच्या कुशीवर चालते. रिम अर्धा इंच रुंद झाली की भिंती सरळ उभ्या राहतात आणि स्टिअरिंग वळवल्याबरोबर नाक वळतं. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं सस्पेन्शन आहे. बॉडी झुकली की या रचनेत बाहेरच्या चाकाचा वरचा भाग बाहेरच्या बाजूला कलतो आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येतो. म्हणून या गाडीला उभी, ताठ भिंत विशेष मानवते. अलाइनमेंट करताना कंपनीने दिलेल्या मर्यादेत पुढच्या चाकांना जेवढा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आतल्या बाजूला कललेला) मिळेल तेवढा घ्यायला सांगा आणि दोन्ही बाजू सारख्या आल्यात का त्याचा कागद मागा.

दुसऱ्या सेटची रिम बाहेरच्या कंपनीची असेल तर मधलं भोक बहुधा मोठं असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना चालावी म्हणून ती तशी बनवतात. ५४.१ पर्यंत आणणारी हब रिंग मागून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे, पण ती नसेल तर रिम फक्त नटांवर मध्यात बसते आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी थरथर जात नाही. नटांची बैठक रिमला जुळते का तेही तिथेच तपासा. चाक लावून झाल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मागे दोन-तीन माणसं बसवा, हात घालून बघा की मडगार्डच्या अस्तराला किंवा स्ट्रटला टायर लागत नाही ना. नट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, आणि शंभर किलोमीटरच्या आत एकदा परत तपासायचे. स्टेपनी उचलून तिचंही माप वाचा. ती १६५/८० आर१४ निघाली तरी तिचा व्यास ६२० मिमी भरतो, या दोन्ही मापांबरोबर घरापर्यंत यायला चालेल.

रबराबद्दल थोडं. अमेरिकेत ऑटोक्रॉस घरोघरीच्या गाड्यांनी चालते. तिथल्या एससीसीए या संस्थेच्या स्ट्रीट वर्गात टायरवर ट्रेडवेअरचा आकडा किमान २०० लागतो, त्यामुळे जगभरच्या व्हिडिओंत तुम्हाला ‘२०० चा टायर’ असं ऐकू येत असणार. ट्रेडवेअर म्हणजे झिजेचा सापेक्ष आकडा. कमी आकडा म्हणजे मऊ, चिकट आणि लवकर झिजणारं रबर. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो ठीक, दोन कंपन्यांत फारसा नाही. आपल्याकडे असे टायर तुमच्या मापात मिळणं कठीण, कारण जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीला केंद्राचा परवाना लागतो. कुणी अव्वाच्या सव्वा भावात देत असेल तर भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का आधी वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. गोदामात पाच वर्षं पडलेला चिकट टायर चिकट राहत नाही, कडक होतो. आणि असा टायर मिळाला तरी तो रोजच्या गाडीला लावू नका. एका पावसाळ्यात त्याची नक्षी झिजते आणि पाण्यावर गाडी तरंगायला लागते.

आता फुकटातला भाग, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा : हवा. स्वतःचा डिजिटल गेज घ्या, पंपावरच्यावर विसंबू नका. स्पर्धेच्या दिवशी साधा पांढरा खडू खिशात ठेवा. पहिल्या फेरीआधी प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी, नक्षीच्या कडेपासून खाली भिंतीवर येईल अशी बोटभर लांब खडूची रेघ ओढा. रस्त्यावरच्या हवेपेक्षा थोडी जास्त हवा ठेवून सुरुवात करा, पुढे ३६, मागे ३४ पीएसआय. टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच जायचं नाही. फेरी मारून आलात की उतरून खाली बसा आणि खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघा. बऱ्याच टायरांच्या खांद्याला एक बारीक त्रिकोण असतो. खडू त्रिकोणापर्यंत पुसला असेल तर हवा बरोबर आहे. त्रिकोणाच्या खाली, भिंतीवरचा खडूही गेला असेल तर टायर आडवा पडतोय, दोन हवा वाढवा. नक्षीच्या कडेवरच खडू शाबूत असेल तर हवा जास्त झाली, दोन कमी करा. टायर तापला की हवा आपोआप वाढते, साधारण पाच-सहा अंशांना एक पीएसआय, म्हणून प्रत्येक फेरीनंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं : तापमान, चारही आकडे, वेळ.

तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, त्यामुळे तक्रार बहुधा एकच असेल : स्टिअरिंग वळवलंय पण नाक सरळ चाललंय. पुढची हवा खडूने जुळवून झाली की मागची दोन-दोनने वाढवत न्या. मागची पकड थोडी कमी होते आणि गाडी वळायला तयार होते. एकदम सहा-आठ वाढवू नका. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग फिरायला लागला तर लगेच दोन खाली या. आणि परतीच्या वाटेला लागण्याआधी, टायर थंड झाल्यावर, हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्यावर आणा. मागे जास्त हवा ठेवून ओल्या घाटात उतरणं धोक्याचं आहे. गाडी कुणीही चालवणार असेल तरी हे काम तुमचंच.

कोर्सवर उजवी वळणं जास्त असतील तर पुढचा डावा टायर बाकीच्यांपेक्षा पटकन झिजेल, तेव्हा दर दोन स्पर्धांनी चाकं आलटून पालटून लावा.

शेवटी बाबांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मूळ माप ठेवलंत तर हा प्रश्नच येत नाही, १८५/६५ आर१५ चा आग्रह धरण्यामागे हेही एक कारण आहे. १९५/६० चा सेट स्पर्धेपुरता ठेवा. मागची सीट पाडली की चार चाकं गाडीत मावतात, मैदानावर जाऊन बदला आणि निघताना परत मूळ चाकं चढवा. बलेनोच्या रिम कायमच्या लावायच्या ठरवल्यात तर विमा कंपनीला आधी ईमेलने कळवा आणि त्यांचं लेखी उत्तर जपून ठेवा.

मात्र याहून मोठी गोष्ट बाबांना बहुधा कुणी सांगितलेली नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांचा एक परिच्छेद असतो. संघटित शर्यती, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) यांसाठी केलेला वापर त्यात वगळलेला असतो. म्हणजे टायर कंपनीच्याच मापाचे असले तरी ट्रॅकवर झालेलं नुकसान त्या पॉलिसीतून मिळणार नाही. जाता-येताच्या रस्त्यावर पॉलिसी नेहमीसारखी लागू असते. तो परिच्छेद बाबांबरोबर बसून वाचा, आयोजकांनी स्पर्धेपुरता काय विमा घेतला आहे ते नियमावलीतून बघून घ्या, आणि ट्रॅकवर बंपर किंवा रेडिएटर गेला तर तो खर्च स्वतः उचलता येईल एवढी रक्कम साठ हजारांतून बाजूला काढल्यावरच नाव नोंदवा.